पत म्हणजे काय रे भाऊ? पत, साख, उधारी, क्रेडिट आणि सिबिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत मी अकरा वर्षं कर्ज विभागाच्या काउंटरला बसलोय. तिथं येणाऱ्या लोकांनी, नातेवाइकांनी आणि गल्लीतल्या पोरांनी विचारलेले प्रश्न आणि मला जमतील तशी उत्तरं खाली देतोय. काही प्रश्न पैशाचे आहेत, काही नुसते शब्दाचे. मला शब्दाचेच जास्त आवडतात, तेव्हा तिथं थोडं लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

पत म्हणजे नेमकं काय?

आमच्या आजोबांचं शनिवार पेठेत किराणा दुकान होतं. गल्ल्याशेजारी लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही, दोऱ्यानं बांधलेली, वर 'श्री' लिहिलेलं. गिऱ्हाईक यायचं, तेल-साखर घ्यायचं आणि "आबा, मांडून ठेवा" म्हणायचं, की आजोबा थुंकी लावून पान उलटणार, कानामागची पेन्सिल काढणार आणि मांडणार. पण हे सगळ्यांसाठी नव्हतं. मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलणारा एक हमाल होता, त्याचं महिन्याचं सगळं सामान वहीवर जायचं, आणि मागच्या बोळात दुमजली घर असलेले एक साहेब होते, त्यांना मात्र आजोबा हसत हसत "आज सुट्टे न्हाईत का साहेब, असू दे, रोखच द्या की" असं काहीतरी करून रोखच घ्यायचे. मला पोरगा असताना हे उलटं वाटायचं. विचारलं तर म्हणाले, "त्येच्याकडं पैसा हाय, ह्येला पत हाय."

तर पत म्हणजे हे. दिलेलं परत येणार अशी समोरच्याला तुमच्याबद्दल वाटणारी खात्री. गंमत अशी की पत तुमची म्हणायची पण ती असते दुसऱ्याच्या डोक्यात, दुसऱ्याच्या वहीत. आपण आपल्या पाकिटात ठेवून फिरावं अशी ती वस्तूच नाही. मराठीत आपण तिच्याबद्दल बोलतो ते सुद्धा बघा, पत राखली, पत घालवली, पत वाढली, बाजारात पत उरली नाही. 'पत विकत घेतली' असं मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

हा शब्द आला कुठनं?

दोन वाटा सांगतात. एक वाट जाते 'प्रत्यय' या संस्कृत शब्दाकडं. आता प्रत्यय म्हणलं की शाळेतलं व्याकरण आठवून पोटात गोळा येतो, पण प्रत्ययचा जुना अर्थ विश्वास, खात्री. 'मला त्याचा प्रत्यय आला' म्हणतो तेव्हा तोच अर्थ. हिंदीत 'पतियाना' म्हणजे भरवसा ठेवणं, तोही याच कुळातला धरतात. दुसरी वाट 'प्रतिष्ठा'कडं जाते, कारण हिंदीत पत म्हणजे इज्जत, लाज. मला पहिली वाट जास्त पटते, कारण मराठीत नुसती इज्जत असून उधारी मिळत नाही, वरच्या साहेबांना विचारा.

पति, पत्ता, पत्र, पत्रावळ यांच्याशी काही संबंध नाही. हे एका काकांनी खरंच विचारलं होतं, की पत म्हणजे पतीची असते म्हणून बायकोच्या नावावर कर्ज देत नाही का तुम्ही. नाही हो काका. देतो.

मग क्रेडिट हा शब्द?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. क्रेडिट आलं लॅटिनमधल्या 'क्रेदेरे'वरनं, अर्थ विश्वास ठेवणं. 'क्रेदो' म्हणजे मी विश्वास ठेवतो, ख्रिश्चन लोकांच्या चर्चमधल्या एका प्रार्थनेची लॅटिनमधली सुरुवात या शब्दानं होते. म्हणजे क्रेडिट कार्डातलं क्रेडिट आणि चर्चमधली प्रार्थना एकाच घरातनं निघाले.

पण खरी मजा पुढं आहे. लॅटिनमधला हा क्रेदो आणि आपल्या संस्कृतमधला 'श्रद्धा' हे सख्खे भाऊबहीण आहेत, एकाच जुन्या मूळ भाषेतनं दोघं आले. श्रद्धा म्हणजे श्रत् अधिक धा. धा म्हणजे ठेवणं, आणि श्रत् हा शब्द बहुतेक भाषाशास्त्रज्ञ काळजाशी जोडतात, म्हणजे एखाद्या ठिकाणी आपलं काळीज ठेवणं. ऋग्वेदात तर श्रद्धेवर अख्खं सूक्त आहे, दहाव्या मंडलात. पितरांचं श्राद्ध घालतो ते पण श्रद्धेवरनंच. आता पुढच्या वेळी बँकेतनं फोन आला की "सर, क्रेडिट कार्ड घ्या ना," तर मनातल्या मनात त्याचं मराठी करा, "सर, श्रद्धा कार्ड घ्या ना." मी एकदा एका पोरीला फोनवर असं म्हणलं, तिनं ठेवूनच दिला.

हिंदीत 'साख' म्हणतात, ती आणि पत एकच का?

अर्थानं जवळजवळ एकच, पण जन्म वेगळा. साख ही साक्ष, साक्षी यावरनं आलेली मानतात. म्हणजे तिकडं पत म्हणजे कुणीतरी तुमच्या बाजूनं साक्ष देणारं आहे, चारचौघं सांगतात हा माणूस सरळ आहे. मराठी पेपरातही हल्ली 'साख' सर्रास छापतात. बोलताना मात्र आमच्याकडं कुणी म्हणत नाही.

सावकार हा शब्द एवढा बदनाम का झाला? मुळात काय होता?

मुळात तो फार साजरा शब्द होता. संस्कृत साधु, त्याचा प्राकृतात साहू, त्याचा आपल्याकडं साव. 'चोर कोण आणि साव कोण' म्हणतो त्यातला साव. तेव्हा सावकार म्हणजे सरळ, सचोटीचा व्यवहार करणारा. पुढं काय झालं ते शब्दकोशात शोधायची गरज नाही. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठून कर्जखतं बाहेर काढली आणि जाळली, सुरुवात सुपे गावापासनं झाली, इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. इंग्रजांनी मग १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे लोकांनी मुख्यतः कागद जाळले. कारण वही सावकाराची, अक्षर सावकाराचं, आणि अंगठा मात्र आपला.

त्याच्याही आधी तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. तिथं कागद बुडवणारा स्वतःच घेणेकरी होता, हा फरक.

आता महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा आहे, लायसन्सशिवाय व्याजानं पैसे द्यायचा धंदा करणं गुन्हा आहे. तरी 'महिना दहा टक्क्यानं' देणारे लोक गल्लोगल्ली आहेत आणि त्यांना कुणी सावकार म्हणत नाही, 'अण्णा' किंवा 'दादा' म्हणतात.

उधार, उसनं, कर्ज, उचल… सगळं एकच ना?

अजिबात नाही, आणि कोल्हापुरात तर नाहीच नाही.

उसनं म्हणजे शेजारच्या घरातनं वाटीभर साखर, किंवा मित्राकडनं हातउसने दोन हजार. व्याज नाही, कागद नाही, जसं नेलं तसं परत. उधार म्हणजे दुकानदाराकडनं, माल आज आणि पैसे नंतर. हा उधार आलाय संस्कृत 'उद्धार'वरनं, आणि संस्कृतमध्ये उद्धारचा एक अर्थ खरोखरच ऋण, त्यातही बिनव्याजी, असा दिलेला आहे. आपल्या सहकारी संस्थांच्या भिंतीवर 'विना सहकार नाही उद्धार' असं लिहिलेलं असतं ना, आमच्या संस्थेत पण होतं, माझ्या खुर्चीच्या अगदी मागं. कर्ज नामंजूर झालेला एक पोरगा ते वाचून म्हणाला, "साहेब, उद्धार राहू दे, उधार तरी द्या." त्याला माहीत नव्हतं की शब्दाच्या मुळाकडनं बघितलं तर तो बरोबर होता.

कर्ज हा अरबी शब्द. कर्ज म्हणलं की कागद, जामीन, तारण, हप्ता सगळं आलं. जामीनही अरबी. हप्ता फारसी, हफ्त म्हणजे सात, आपल्या सप्तचाच चुलतभाऊ, म्हणजे मुळात हप्ता म्हणजे आठवडा आणि आठवड्याला द्यायचे ते पैसे. आता महिन्याला देतो तरी हप्ताच म्हणतो.

आणि उचल. हा खास आपल्या ऊसपट्ट्यातला शब्द. ऊसतोड टोळीचा मुकादम हंगामाआधी कारखान्याकडनं किंवा वाहतूकदाराकडनं पैसे घेतो ती उचल, आणि शेतकऱ्याला ऊस घातल्यावर पहिला दर मिळतो ती 'पहिली उचल'. दरवर्षी ऊस परिषदा, चक्काजाम, पेपरातले मथळे, सगळं या पहिल्या उचलीवरनं. एकच शब्द, पण तोडणी कामगारासाठी ते डोक्यावरचं ओझं आणि शेतकऱ्यासाठी हक्काचं येणं.

व्याज आणि मुद्दल हे शब्द कुठले?

व्याज संस्कृत आहे आणि संस्कृतमध्ये त्याचा अर्थ ढोंग, बहाणा, फसवणूक. शाळेत व्याजस्तुती अलंकार शिकलात का, वरनं स्तुती आतनं निंदा, तेच ते व्याज. कर्जदारांना हे सांगितलं की फार आनंद होतो त्यांना.

मुद्दल आपल्या शेजारनं आलं. कन्नडमध्ये 'मोदलु' म्हणजे पहिलं, आरंभ. मराठीतही 'मुदलातच चूक आहे' म्हणतो, म्हणजे मुळातच. निपाणी-संकेश्वरकडचे लोक आमच्याकडं यायचे तेव्हा त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागायचा नाही.

जाता जाता, जुना 'दामदुपट'चा नियम ऐकलाय का? हिंदू कायद्यातला नियम, एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. मुंबई इलाख्यात कोर्टंही तो मानायची.

पासबुकात क्रेडिट म्हणजे पैसे जमा. मग क्रेडिट कार्ड म्हणजे उधारी कशी? उलटंच की!

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, आणि सुरुवातीला मला पण नीट सांगता यायचं नाही.

पासबुक तुमच्या हातात असलं तरी ते बँकेच्या वहीतलं पान आहे. तुम्ही पाच हजार भरले म्हणजे बँक तुमचं पाच हजार देणं लागली. तिथं विश्वास कुणी ठेवला? तुम्ही, बँकेवर. म्हणून तुमच्या नावानं क्रेडिट. क्रेडिट कार्डात उलटं, पैसे बँक भरते आणि विश्वास ती तुमच्यावर ठेवते. शब्द दोन्हीकडं तोच, श्रद्धेची दिशा तेवढी बदलली. इंग्रजीत धनकोला क्रेडिटर म्हणतात, म्हणजे शब्दशः विश्वास ठेवणारा. धनको आणि ऋणको हे शब्द कोर्टाच्या कागदाबाहेर आता दिसत नाहीत, पण काय सुंदर आहेत.

डेबिट म्हणजे देणं लागणं, तोही लॅटिन. दोन्ही बाजू मांडायची ही द्विनोंदी पद्धत इटलीतले व्यापारी आधीपासनं वापरत होते, लुका पाचोली नावाच्या साधूनं १४९४ मध्ये व्हेनिसला ती पहिल्यांदा पुस्तकात छापून आणली. आपल्याकडं जमा आणि नावे. "माझ्या नावे टाक" म्हणतो ते तेच.

दिवाळं निघालं, याचा दिवाळीशी संबंध आहे का?

दिव्याशी आहे असं सांगतात. व्यापारी बुडाला की पेढीवरची गादी उलटी करायची आणि भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं की इथला व्यवहार संपला. इटलीत सावकार बाजारात बाकडं टाकून बसायचे, त्या बाकड्यावरनं बँक शब्द आला, आणि मोडलेल्या बाकड्यावरनं बँकरप्ट. आमच्या आजोबांनी दुकान बंद केलं तेव्हा ना दिवा लावला ना बाकडं मोडलं, फक्त वही पोटमाळ्यावर टाकली. त्यात अजून सतरा जणांचं येणं आहे. त्या हमालाचं पान मात्र तिरकी रेघ मारून पूर्ण मिटवलेलं.

पत आणि ऐपत यात काय फरक?

ऐपत म्हणजे फेडायची ताकद, पत म्हणजे फेडेल हा विश्वास. ऐपत पगाराच्या स्लिपवर दिसते. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण ऐपतीची, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची ही पतीची. आम्ही कर्ज देताना दोन्ही बघायचो, पण खरं सांगू का, थकबाकीदारांच्या यादीत ऐपत नसलेल्यांपेक्षा ऐपत असून न भरणारे जास्त त्रास द्यायचे. गरीब माणूस संस्थेच्या दारात यायला लाजायचा, गाडीवाला दारात गाडी लावून आत यायचा आणि चहा मागायचा.

अब्रू, इभ्रत?

हे नुसत्या पैशापुरते नाहीत. अब्रू फारसी, आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा, चेहऱ्यावरचं पाणी. इभ्रत अरबी, तिकडं अर्थ धडा किंवा इशारा, आपण मराठीत येताना त्याचा मान-सन्मान करून टाकला.

पत फक्त पैशाच्याच व्यवहारात असते का?

नाही, आणि याचं कोल्हापूरचं उदाहरण माझ्या मते सगळ्यात भारी आहे. गंगाराम कांबळे नावाच्या दलित माणसाला शाहू महाराजांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढायला मदत केली. आता त्या काळात तिथला चहा सवर्ण लोक पिणार कसे? तर महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घ्यायचे आणि बरोबरच्या लोकांनाही पाजायचे. आता विचार करा, भांडवल कितीही दिलं असतं तरी गिऱ्हाईक आलंच नसतं तर हॉटेल बंदच पडलं असतं. महाराजांनी पैशाबरोबर स्वतःची पत त्या कपात ओतली. असा जामीन कुठल्या फॉर्मवर बसत नाही.

कोल्हापुरात एवढ्या पतसंस्था कशा काय?

पैसा फिरतो म्हणून. गूळ, ऊस, दूध, हुपरीची चांदी, इचलकरंजीचे माग, गुजरीतलं सोनं. शाहूपुरीची व्यापारपेठ १८९५ साली वसवली, तिथं गुळाचा व्यापार वाढला आणि अडत्याकडनं हंगामाआधी पैसे घेऊन गुऱ्हाळ चालवायचं, मग गूळ त्यालाच घालायचा, ही सवय जुनी. दुधाचं बिल दर दहा दिवसाला येतं, त्यामुळं खेड्यातल्या बाईकडं सुद्धा नियमित येणारा पैसा असतो आणि नियमित पैसा आला की हप्ता बसतो.

सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा, इंग्रजांच्या काळातला, आणि कल्पना जर्मनीतली, राइफायझन नावाच्या माणसाची. कल्पना साधी, एका गावातली माणसं एकमेकांना ओळखतात, कोण दारू पितो, कोणाचं पीक बुडालं, कोणाच्या पोरीचं लग्न आहे हे त्यांना माहीत असतं, तेव्हा कुणाला किती द्यायचं हे तेच चांगलं ठरवतील. म्हणजे आजोबांची वही, फक्त कमिटीच्या हातात. चांगली चालली तर यापेक्षा चांगली पद्धत नाही. पण ओळख ही दुधारी असते, संचालकाच्या मेव्हण्याला पण सगळे ओळखतातच की.

खेड्यात विकास सोसायटी, तिच्यावर जिल्हा बँक, तिच्यावर राज्य बँक अशी तीन मजली रचना आहे. मार्च जवळ आला की गावात 'नवं-जुनं' करायची पळापळ सुरू होते, म्हणजे कुणाकडनं तरी आठ दिवसांसाठी पैसे घ्यायचे, सोसायटीचं जुनं पीककर्ज भरायचं, लगेच नवं उचलायचं आणि त्यातनं त्याला परत द्यायचे. कागदावर सगळे वेळेत फेडणारे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला वेळेत भरलं तर शून्य टक्के व्याज पडतं, त्यामुळं एक दिवस चुकवून चालत नाही. त्या आठ दिवसांच्या पैशाला मात्र कुठं शून्य टक्के असतं.

पतसंस्था आणि बँक एकच ना? पाच लाखांचा विमा पतसंस्थेला पण असतो ना?

नसतो! हे नीट वाचा. बँकेतल्या ठेवीला, त्यात सहकारी बँका पण आल्या, प्रत्येक ठेवीदारामागं पाच लाखांपर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासनं, आधी एक लाख होता. हे काम डीआयसीजीसी ही रिझर्व्ह बँकेची कंपनी बघते. पतसंस्था ही बँक नाही, तिच्यावर सहकार खात्याचं नियंत्रण, आणि तिच्या ठेवींना हा विमा लागू नाही. मी स्वतः पतसंस्थेत काम करून हे सांगतोय. अर्धा टक्का जास्त व्याज बघून निवृत्तीचा सगळा पैसा एका ठिकाणी टाकू नका, वार्षिक अहवाल मागा, त्यात थकबाकी आणि एनपीए, म्हणजे हप्ते यायचे बंद झालेली कर्जं, किती ते बघा, अहवाल द्यायला कां-कूं करत असतील तर उत्तर मिळालंच. इथं पत तपासायचं काम तुमचं आहे, कारण इथं धनको तुम्ही आहात.

सिबिल म्हणजेच पत का?

सिबिल हे एका कंपनीचं नाव. २००० साली सुरू झालेली, आता ट्रान्सयुनियन सिबिल. डालडा, झेरॉक्ससारखं नाव पडलंय एवढंच. अशा चार कंपन्या आहेत देशात, बाकीच्या एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि त्यांच्यासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. तुमचा हप्ता वेळेत गेला का, कार्डावरचं किती वापरलं, किती ठिकाणी कर्ज मागितलं वगैरे गोळा करून ३०० ते ९०० मधला एक आकडा काढतात.

पत आहे का ती? माझ्या मते पतीची झेरॉक्स आहे. उपयोगी आहे, पण तिच्यात गमती आहेत. आमच्या आईनं आयुष्यात एक रुपया कर्ज घेतलं नाही. आजोबांच्या वहीत असा माणूस म्हणजे देवमाणूस. सिबिलच्या भाषेत तिला इतिहासच नाही, आकडाच नाही.

आणि चुका होतात. मी स्वतः दुचाकीच्या कर्जाला गेलो तर रिपोर्टवर थकबाकी, कसली तर सहा वर्षांपूर्वी बंद केलेल्या कार्डाची वार्षिक फी आणि त्यावर दंड. कार्ड कात्रीनं कापून शाखेत दिलेलं, पोचपावती घेतली नव्हती, ही माझी चूक. बँकेचं नाव घेत नाही, पण चार महिने, तीन पत्रं आणि कस्टमर केअरच्या गाण्यावर माझा निम्मा उन्हाळा गेला. दुसऱ्यांची कर्जं रोज तपासणारा मी, माझी पत कुणीतरी कुठंतरी चुकीची मांडून ठेवली होती आणि मला पत्ता नव्हता.

मग स्वतःचा रिपोर्ट बघितला की आकडा कमी होतो म्हणतात, खरं का?

खोटं. स्वतः बघितलं तर काही होत नाही. बँकांकडं धडाधड अर्ज टाकले की त्या बघतात, त्याचा परिणाम होतो. चारही कंपन्यांकडनं वर्षातनं एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, बघत जावा. चूक दिसली की तक्रार टाका, तीस दिवसांत निकाल लावला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि २०२५ च्या जानेवारीपासनं बँकांना निदान पंधरा दिवसाला एकदा माहिती पाठवावी लागते, तेव्हा भरलेला हप्ता दिसायला पूर्वीसारखे महिने लागू नयेत.

मेव्हण्याला जामीन राहू का?

जामीन म्हणजे सही नाही, कर्जच आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. संस्था आधी त्याच्याकडं जाईल मग तुमच्याकडं येईल असं काही नाही, ती थेट तुमच्या दारात येऊ शकते, येते, मी आलोय. आणि त्यानं हप्ता चुकवला तर तुमच्याही रिपोर्टवर येतो. तुम्ही तुमची पत दुसऱ्याला वापरायला देताय. शाहू महाराजांनी दिली ती सगळं माहीत असून दिली, आपण लग्नाच्या मांडवात नाही म्हणता येईना म्हणून देतो. एवढा फरक बघा आणि मग काय ते ठरवा. बहिणीला आधी विचारा.

पेपरात 'पतधोरण जाहीर' येतं ते काय?

रिझर्व्ह बँकेचं दर दोन महिन्यांनी येणारं धोरण, त्यात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ठरतो, २०१६ पासनं सहा जणांची समिती तो ठरवते. तो वर गेला की तुमच्या घरकर्जाचं व्याज वर जायची शक्यता. 'पतधोरण' शब्द जुन्या क्रेडिट पॉलिसीचा. आता अधिकृत नाव मॉनेटरी पॉलिसी, म्हणजे मौद्रिक धोरण, पण मथळ्यात ते बसत नाही आणि कुणाच्या तोंडातही बसत नाही.

भिशीत पैसे टाकू का?

भिशी म्हणजे शंभर टक्के पत, कागद शून्य. दहा-बारा जणी महिन्याला ठरलेली रक्कम काढतात, चिठ्ठी निघते, एकीला सगळे मिळतात. ज्यांना लवकर लागली त्यांनी शेवटपर्यंत भरायचं, यावर सगळा खेळ. आमच्या गल्लीतली बायकांची भिशी माझ्या जन्माच्या आधीपासनं चालू आहे, एकदाही बुडाली नाही, आणि त्यांची वही म्हणजे कॅलेंडरच्या मागची बाजू. अनोळखी माणसाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची भिशी असेल तर मात्र ती भिशी नाही, पैसे फेकणं आहे.

दुकानात 'आज रोख उद्या उधार' लिहितात, मग उद्या गेलो तर?

तर पाटी तीच असते. आजोबांच्या दुकानात पण होती, बरोबर त्या लाल वहीच्या वर टांगलेली.